स्वतंत्र व्हिडिओ गेमची किंमतनिश्चिती

स्वतंत्र व्हिडिओ गेमची किंमतनिश्चिती म्हणजे मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या पाठबळाशिवाय खेळ तयार करणाऱ्या व्यक्ती किंवा लहान संघ आपल्या खेळाचे मूल्य निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांत, देशांत आणि काळात ज्या पद्धतीने ठरवतात ती पद्धत होय. अशा निर्मात्यांना बोलीभाषेत 'इंडी डेव्हलपर' म्हटले जाते. स्टीम, एपिक गेम्स स्टोअर, इच, जीओजी, निन्टेन्डो ईशॉप, प्लेस्टेशन स्टोअर, गूगल प्ले आणि ॲपल ॲप स्टोअर ही त्यांच्या विक्रीची प्रमुख दुकाने आहेत.

डिजिटल खेळाची एक जादा प्रत तयार करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यामुळे कागद, छपाई किंवा कच्चा माल यांच्या हिशेबाने त्याची किंमत काढता येत नाही. निर्मितीचा सर्व खर्च विक्रीपूर्वीच झालेला असतो आणि तो विकल्या गेलेल्या प्रतींतून भरून काढावा लागतो. एकाच खेळाची छापील किंमत सर्वत्र सारखी असली, तरी दुकानाचा वाटा, कर, चलन आणि सवलत यांच्यामुळे निर्मात्याच्या पदरात पडणारी रक्कम प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. लहान संघाला पुढचा खेळ करता येईल की नाही, हे बहुधा या रकमेवर अवलंबून असते.

## इतिहास

व्हाल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम ही सेवा सुरू केली. आरंभी ती कंपनीच्या स्वतःच्या खेळांपुरती होती. २००५ पासून तिच्यावर इतर निर्मात्यांचे खेळ विकले जाऊ लागले. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले. तेथे ३० टक्के दुकानाला आणि ७० टक्के निर्मात्याला अशी वाटणी होती. पुढे अनेक वर्षे हीच वाटणी या व्यवसायातील रूढ प्रमाण मानली गेली.

ऑगस्ट २००८ मध्ये जोनाथन ब्लो यांचा 'ब्रेड' हा खेळ एक्सबॉक्स ३६० वर १,२०० मायक्रोसॉफ्ट पॉइंटला, म्हणजे १५ डॉलरला, प्रसिद्ध झाला. त्या दुकानातील लहान खेळ सामान्यतः त्याहून स्वस्त असत. त्यामुळे अवघ्या काही तासांत संपणाऱ्या खेळासाठी ही किंमत योग्य आहे का, अशी चर्चा झाली. खेळ गाजला आणि लहान संघाच्या खेळालाही १५ डॉलर मागता येतात हे दिसून आले. खेळाची लांबी आणि त्याची किंमत यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न मात्र तेव्हापासून पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये टूडी बॉय या दोन व्यक्तींच्या संघाने २० डॉलर किमतीचा 'वर्ल्ड ऑफ गू' हा खेळ काही दिवसांसाठी 'हवी ती किंमत द्या' या तत्त्वावर विकला. सुमारे ५७ हजार लोकांनी तो घेतला आणि सरासरी सुमारे २ डॉलर दिले. मे २०१० मध्ये वुल्फायर गेम्सने याच तत्त्वावर पहिला 'हम्बल इंडी बंडल' हा खेळांचा संच विक्रीस ठेवला. ग्राहकाने दिलेली रक्कम निर्माते आणि धर्मादाय संस्था यांच्यात कशी वाटायची, हेही त्यानेच ठरवायचे होते. या संचाने १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांनी सरासरीने इतरांपेक्षा जास्त पैसे दिले, ही त्यातील लक्षणीय बाब होती.

## किमतीचे घटक

### दुकानाचा वाटा

बाजार समितीत अडत्या मालाच्या विक्रीवर अडत घेतो, त्याप्रमाणे ऑनलाइन दुकान प्रत्येक विक्रीतून आपला वाटा कापून घेते. त्याच्या बदल्यात दुकान पैसे स्वीकारणे, खेळ ग्राहकापर्यंत पोहोचवणे, अद्ययावत आवृत्त्या पुरवणे, बहुतेक देशांत कर भरणे आणि परतावे देणे ही कामे करते.

कर आणि परतावे वगळून २० डॉलरच्या एका प्रतीमागे निर्मात्याला मिळणारी रक्कम पुढीलप्रमाणे असते:

| दुकान | दुकानाचा वाटा | निर्मात्याची रक्कम |
|---|---|---|
| स्टीम | ३० टक्के | १४.०० डॉलर |
| गूगल प्ले, ॲपल ॲप स्टोअर (लहान निर्माते) | १५ टक्के | १७.०० डॉलर |
| एपिक गेम्स स्टोअर | १२ टक्के (वर्षातील पहिल्या १० लाख डॉलरनंतर) | १७.६० डॉलर |
| मायक्रोसॉफ्ट स्टोअर (संगणकावरील खेळ) | १२ टक्के | १७.६० डॉलर |
| इच | १० टक्के (बदलता येणारा) | १८.०० डॉलर |

स्टीमने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या बदलानुसार एखाद्या खेळाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या पुढे गेल्यास त्यापुढील विक्रीवर २५ टक्के, आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के वाटा घेतला जातो. या सवलतीचा लाभ मुख्यतः मोठ्या कंपन्यांना होतो आणि लहान निर्माता मात्र ३० टक्केच देत राहतो, अशी टीका त्या वेळी झाली. ॲपलने जानेवारी २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्या निर्मात्यांसाठी हा वाटा १५ टक्के केला. गूगलनेही जुलै २०२१ पासून वर्षातील पहिल्या १० लाख डॉलरवर तोच दर लागू केला.

### कर

अमेरिकेत विक्रीकर किमतीवर वेगळा आकारला जातो. भारत आणि युरोपीय देशांत ग्राहकाला दिसणारी किंमत सामान्यतः करासहित असते. भारतात परदेशी कंपन्यांनी पुरवलेल्या अशा डिजिटल सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. म्हणजे दुकानाचा वाटा कापला जाण्यापूर्वीच रुपयातील किमतीतून कर वजा होतो.

### एक उदाहरण

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका लहान संघाचा दरमहा एकूण खर्च २ लाख रुपये आहे आणि खेळ पूर्ण होण्यास दोन वर्षे लागली. निर्मितीखर्च ४८ लाख रुपये झाला. खेळाची करासहित किंमत ५०० रुपये ठेवल्यास कर वजा जाता सुमारे ४२४ रुपये उरतात. ३० टक्के वाटा घेणाऱ्या दुकानातून निर्मात्याला प्रतीमागे सुमारे २९७ रुपये मिळतील आणि केवळ खर्च भरून निघण्यासाठी सुमारे १६,२०० प्रती विकाव्या लागतील. १२ टक्के वाटा घेणाऱ्या दुकानात हीच संख्या सुमारे १२,९०० होते. सर्व प्रती निम्म्या किमतीत विकल्या गेल्यास पहिल्या दुकानात सुमारे ३२,४०० प्रती लागतील.

या हिशेबावरून कमी वाटा घेणारे दुकान नेहमीच लाभदायक ठरेल असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात विकल्या जाणाऱ्या प्रतींची संख्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांवर अवलंबून असते. गर्दीच्या दुकानातील कमी रक्कम ही ओस दुकानातील जास्त रकमेपेक्षा एकूण अधिक भरू शकते.

## दुकानांनुसार पद्धती

स्टीम: स्टीमवर खेळ मांडण्यासाठी जून २०१७ पासून प्रत्येक खेळामागे १०० डॉलर शुल्क आहे, खेळाची विक्री १,००० डॉलरपर्यंत पोहोचल्यावर ते परत मिळते. किंमत निर्माता सुचवतो आणि दुकान तिला मान्यता देते. जून २०१५ पासून ग्राहकाला खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळलेला असल्यास खेळ परत करता येतो. दोन तासांच्या आत संपणाऱ्या खेळांच्या निर्मात्यांना हा नियम अडचणीचा वाटतो, कारण ग्राहक खेळ पूर्ण करूनही पैसे परत मागू शकतो.

एपिक गेम्स स्टोअर: डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाने आरंभापासून १२ टक्केच वाटा घेतला. त्याच कंपनीचे अनरिअल इंजिन वापरणाऱ्यांना येथील विक्रीवर इंजिनचे स्वामित्वधन द्यावे लागत नाही. जून २०२५ पासून प्रत्येक खेळाच्या वर्षातील पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर हे दुकान काहीही वाटा घेत नाही. काही निर्मात्यांशी ठरावीक काळ फक्त येथेच विक्री करण्याचे करार झाले. त्यांत किमान उत्पन्नाची हमी असल्याने लहान संघांची जोखीम कमी झाली. ग्राहकांच्या एका गटाने मात्र अशा करारांना विरोध केला.

इच: २०१३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर दुकानाचा वाटा किती असावा हे निर्माता स्वतः ठरवतो. तो शून्यही ठेवता येतो. काहीच न ठरवल्यास १० टक्के धरला जातो. निर्माता किमान किंमत लावतो आणि ग्राहक इच्छेनुसार अधिक देऊ शकतो. विद्यार्थ्यांचे, प्रायोगिक आणि अगदी छोटे खेळ येथे मोठ्या संख्येने असतात. जून २०२० मध्ये वांशिक न्यायासाठी निधी उभारणाऱ्या येथील संचात १,७०० हून अधिक कृती होत्या. त्याची किमान किंमत ५ डॉलर होती आणि त्यातून ८० लाख डॉलरहून अधिक निधी जमला.

जीओजी: पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट समूहाने सुरू केलेले हे दुकान २००८ पासून प्रतिबंधक कुलुपाविना खेळ विकते. जगभर एकच किंमत हे त्याचे आरंभीचे धोरण होते. पुढे प्रादेशिक किमती आल्यावर, अमेरिकेपेक्षा जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला फरकाइतकी रक्कम दुकानातील खरेदीसाठी परत दिली जाई. हा फरक दुकान स्वतःच्या वाट्यातून भरत असे. मार्च २०१९ अखेर ही योजना बंद करण्यात आली.

मोबाइल दुकाने: येथील ग्राहकाला विनामूल्य खेळांची सवय असल्याने आगाऊ किंमत घेणे अवघड जाते. इनरस्लॉथ या संघाचा २०१८ मधील 'अमंग अस' हा खेळ मोबाइलवर जाहिरातींसह विनामूल्य, तर संगणकावर ५ डॉलरला ठेवण्यात आला. एकाच खेळाची दोन दुकानांत दोन भिन्न मूल्ये असण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

## प्रादेशिक किमती

डॉलरची किंमत विनिमयदराने थेट रूपांतरित केल्यास कमी उत्पन्नाच्या देशांत खेळ आवाक्याबाहेर जातो. म्हणून अनेक निर्माते अशा देशांत किंमत कमी ठेवतात. स्टीमवर तीसहून अधिक चलनांत किंमत लावता येते. प्रत्येक चलनासाठी दुकान एक शिफारस देते. ती क्रयशक्ती, ग्राहक किंमत निर्देशांक आणि विनिमयदर अशा बाबी लक्षात घेऊन काढली जाते. शिफारस स्वीकारणे बंधनकारक नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये या शिफारशी सुधारण्यात आल्या आणि अनेक चलनांतील आकडे बरेच वाढले.

कमी किमतीमुळे एक अडचणही निर्माण होते. श्रीमंत देशांतील काही ग्राहक आपण दुसऱ्या देशात असल्याचे भासवून स्वस्त प्रत घेतात. त्याला आळा घालण्यासाठी स्टीमने २०२१ मध्ये खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा नियम केला. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान येथील चलने वेगाने घसरू लागल्यावर नोव्हेंबर २०२३ पासून तेथील किमती अमेरिकन डॉलरमध्ये दाखवल्या जाऊ लागल्या. स्थानिक ग्राहकांच्या दृष्टीने अनेक खेळ एका दिवसात कितीतरी महाग झाले. चलनाचा धोका निर्मात्याने सोसायचा की ग्राहकाने, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

युरोपीय संघात प्रादेशिक निर्बंधांना कायद्याची मर्यादा आहे. पूर्व युरोपातील काही देशांत विकलेल्या प्रती इतर सदस्य देशांत चालू नयेत अशी व्यवस्था केल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हाल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोचा दंड केला.

## सवलती

बहुतेक खेळांची विक्री प्रकाशनाच्या पहिल्या दिवसांत सर्वाधिक असते आणि नंतर झपाट्याने उतरते. त्यानंतरच्या उत्पन्नाचा मोठा भाग सवलतीच्या काळात येतो. स्टीमवर वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा असे चार मोठे सेल होतात. सवलत १० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असावी लागते. दोन सवलतींमध्ये साधारणतः ३० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. आणि किंमत वाढवल्यावर ३० दिवस सवलत देता येत नाही. आधी किंमत फुगवून मग सूट दाखवण्याचा प्रकार या शेवटच्या नियमामुळे टळतो.

खेळ इच्छायादीत ठेवलेल्या ग्राहकांना २० टक्के किंवा त्याहून अधिक सवलत असल्यासच दुकानाकडून ईमेल जातो. त्यामुळे १५ टक्क्यांची सवलत निर्मात्याला फारशी उपयोगी पडत नाही. पहिल्या वर्षी २० ते ३० टक्के आणि पुढे क्रमाने वाढत जाणारी सूट, अशी उतरंड अनेक निर्माते आखून ठेवतात. एकदा ७५ टक्के सूट दिल्यावर ग्राहक पुढच्या तशाच सुटीची वाट पाहतो, म्हणून मोठ्या सवलतीची घाई करू नये, असे मानले जाते.

## काळानुसार बदलणारी किंमत

रूढ प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे वाढत्या क्रमाने, किंमत ठेवण्याचीही प्रथा आहे. 'माइनक्राफ्ट' हा खेळ अपूर्णावस्थेत ९.९५ युरोला, डिसेंबर २०१० पासून १४.९५ युरोला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण झाल्यावर १९.९५ युरोला विकला गेला. लवकर विश्वास टाकणाऱ्याला स्वस्तात मिळावे, हे त्यामागील तत्त्व होते. पोंकल या निर्मात्याचा 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' डिसेंबर २०२१ मध्ये २.९९ डॉलरला आला आणि ऑक्टोबर २०२२ मधील पूर्ण आवृत्तीला ४.९९ डॉलरचा झाला.

चेक प्रजासत्ताकातील वुबे सॉफ्टवेअरने 'फॅक्टोरिओ' या खेळावर कधीही सवलत न देण्याचे धोरण ठेवले. २०१६ मध्ये स्टीमवर २० डॉलरला आलेल्या या खेळाची किंमत २०१८ मध्ये ३० डॉलर आणि जानेवारी २०२३ मध्ये महागाईचे कारण देऊन ३५ डॉलर करण्यात आली. याउलट एरिक बरोन यांनी एकट्याने तयार केलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ २०१६ पासून १४.९९ डॉलरलाच आहे आणि त्याचे नवे भाग विनामूल्य दिले जातात. दोन्ही खेळ अत्यंत यशस्वी ठरले. त्यामुळे एकच धोरण सर्वांना लागू पडते असे म्हणता येत नाही.

'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा खेळ २००६ पासून विनामूल्य होता आणि त्याचे निर्माते, टार्न व झॅक ॲडम्स हे बंधू, खेळाडूंच्या देणग्यांवर निर्वाह करीत. वैद्यकीय खर्चाच्या चिंतेमुळे त्यांनी चित्रमय आवृत्ती विकण्याचा निर्णय घेतला. ती डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम आणि इचवर २९.९९ डॉलरला प्रसिद्ध झाली. जुनी अक्षरचिन्हांची आवृत्ती विनामूल्यच राहिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या छोट्या संघाचा बहुप्रतीक्षित 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा खेळ १९.९९ डॉलरला आला. ग्राहकांनी या किमतीचे स्वागत केले. मात्र एवढा मोठा खेळ २० डॉलरला मिळाल्यावर त्याहून लहान खेळाला तितकेच पैसे मागणे कठीण होईल, अशी चिंता काही स्वतंत्र निर्मात्यांनी व्यक्त केली. आधीच्या खेळाच्या प्रचंड विक्रीमुळे टीम चेरीला शक्य झालेली किंमत नव्या निर्मात्याला परवडेलच असे नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

## किंमतसमानतेचा वाद

कमी वाटा घेणाऱ्या दुकानात किंमतही कमी ठेवावी आणि बचत ग्राहकाबरोबर वाटून घ्यावी, हा विचार स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक खेळांची मूळ किंमत सर्व दुकानांत सारखीच आढळते. स्टीम निर्मात्यांना खेळ सुरू करण्याचे कोड विनामूल्य देते आणि ते अन्यत्र विकल्यास त्यावर वाटा घेत नाही. मात्र अशा कोडांच्या बाबतीत स्टीमच्या ग्राहकाला इतरांपेक्षा वाईट दर मिळू नये, अशी अट असते.

ही अट कोडांपुरती मर्यादित नसून स्टीमशी संबंध नसलेल्या आवृत्त्यांनाही लावली जाते, त्यामुळे स्पर्धा खुंटते, असा आरोप करीत वुल्फायर गेम्सने एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील संघीय न्यायालयात व्हाल्व्हविरुद्ध दावा दाखल केला. व्हाल्व्हने आरोप नाकारले. पहिली तक्रार फेटाळली गेली. २०२२ मध्ये सुधारित तक्रारीचा काही भाग पुढे चालवण्यास परवानगी मिळाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सामूहिक दाव्यास मान्यता दिली. त्यामुळे स्टीमवर विक्री करणारे इतर निर्मातेही या दाव्याच्या कक्षेत आले.

## कोडांचा दुय्यम बाजार

दुकानाबाहेर फिरणारे कोड पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर स्वस्तात विकले जातात. त्यांतील काही चोरीच्या पतपत्राने घेतलेले असतात. पतपत्राचा खरा मालक तक्रार करतो तेव्हा निर्मात्याला रक्कम परत करावी लागते आणि त्यावर दंडही भरावा लागतो. म्हणजे अशी प्रत विकली न जाणे निर्मात्याला परवडते. 'फॅक्टोरिओ'च्या निर्मात्यांनी याविषयी तक्रार केल्यावर झालेल्या तपासणीत १९८ कोड अवैध मार्गाने आलेले आढळले आणि जीटूए या बाजारपेठेने २०२० मध्ये त्यांना ३९,६०० डॉलर भरपाई दिली.

## भारतातील स्थिती

स्टीमवर २०१५ पासून भारतीय रुपयात किमती दिसू लागल्या. त्यापूर्वी भारतीय ग्राहकाला डॉलरमध्ये खरेदी करावी लागे. रुपयातील किंमत सामान्यतः डॉलरच्या थेट रूपांतरापेक्षा कमी ठेवली जाते.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संघाचा 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा भारतीय पुराणकथांवर आधारित खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर प्रसिद्ध झाला. त्याची अमेरिकेतील मूळ किंमत २४.९९ डॉलर होती. त्यापूर्वी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा संघाचा प्रयत्न यशस्वी झाला नव्हता.

भारतीय निर्मात्यासमोर दुहेरी हिशेब असतो. खर्च रुपयात होतो, त्यामुळे डॉलरमधील विक्री त्याला तुलनेने लाभदायक ठरते. पण आपल्याच देशातील खेळाडूला परवडेल अशी किंमत ठेवल्यास प्रतीमागे मिळणारी रक्कम फार कमी होते. शिवाय अमेरिकेतील विक्रीच्या स्वामित्वधनावर तेथे ३० टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो. भारत आणि अमेरिका यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार आवश्यक अर्ज भरल्यास तो १५ टक्क्यांवर येतो. हा अर्ज वेळेवर भरणे लहान संघासाठी किंमत ठरवण्याइतकेच महत्त्वाचे असते.

## हे सुद्धा पाहा

* व्हिडिओ गेम
* स्टीम
* इच
* वस्तू व सेवा कर
* क्रयशक्ती समानता